फौजदारासमोरचा आरसा

नव्या सुनेने आणलेले दोन रॅस जातीचे छोटे मासे खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडून घटकाही झाली नव्हती, तोच टाकीतल्या जुन्या माशाने, सासूबाईंच्या लाडक्या फौजदाराने, एकाची शेपटी फाडली. दुसरा वाळूत घुसला. “मरतील हो दोघे,” सून कळवळली. “तो या घरात आधी आलाय. नव्यांनी नमतं घ्यावं,” सासूबाईंनी ठणकावलं. त्यांच्या खोलीतल्या ज्या आरशाला लेकही हात लावत नसे, तो सुनेने सरळ उचलून आणला आणि टाकीच्या काचेला लावून धरला. सासूबाईंचा पारा चढला. तेवढ्यात फौजदार गर्रकन वळला आणि आपल्याच प्रतिबिंबावर धडका मारू लागला. “किती वेळ भांडेल हा?” “दमेपर्यंत, आई.” वाळूतून एक तोंड हळूच वर आलं. सुनेने जड आरसा दोन्ही हातांनी सावरून धरला. सासूबाई फौजदाराकडे बघतच राहिल्या. “आण इकडे. आरसा मी धरते, तू त्यांना खायला घाल.”