मागच्या भिंतीची खुर्ची

"बारा बाय बारा. एकदम गुण्यात आहे खोली, चारही कोपरे काटकोनात. बोट ठेवायला जागा नाही," मिस्त्री टेप गुंडाळत म्हणाला.

"तेच तर वाईट," अण्णा म्हणाले. "चारही भिंती सारख्या अंतरावर असल्या की आवाज सगळीकडून एकदमच परत येतो आणि एकाच जागी घोंगावत बसतो. ही भिंत दीड फूट पुढे घ्या. लाकडी चौकट, आत आवाज शोषणारं रॉकवूल, वरून जाड कापड. प्लायवूड नको, कडक वाजतं."

"बावीस वर्षं लोक मला खोली सरळ करायला बोलावतात. बिघडवायला बोलावणारे तुम्हीच पहिले."

सून दारात उभी होती, कडेवर एक वर्षाची लेक. लेकीच्या मुठीत मिस्त्रीचा खडू आणि सुनेचा एक खांदा पांढराफटक. तिला हसू आलं.

मुलाला आलं नाही. त्याने खिशातून एक कागद काढला आणि अण्णांच्या आराखड्यावर ठेवला. कानाच्या डॉक्टरांचा होता. त्यावरची रेघ जिन्यासारखी पायरी पायरीने खाली उतरत गेली होती.

"हे वाचलंत ना, अण्णा?" तो मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "बारीक आवाज गेलेच आहेत. उरलेले दोन-तीन वर्षांत जातील म्हणतात. मग ही गाणी ऐकायची खोली कोणासाठी?"

"हळू बोललास तरी चालेल. ओठ दिसतात मला."

"आणि ही खोली आमच्या लेकीसाठी ठेवायची ठरलं होतं." त्याने बायकोकडे हात केला.

"कधी ठरलं?" सून म्हणाली. "ती अजून माझ्या पोटावर पाय टाकून झोपते. तिला खोली नको, मी लागते. उगाच आम्हाला पुढे करू नकोस."

अण्णांनी डॉक्टरांचा कागद उचलला. आता फाडतात की काय, असं सुनेला वाटलं. त्यांनी तो उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्यावर त्यांनी पेन्सिलीने सावकाश लिहिलं: दार, भरीव लाकडाचं, चारी कडांना रबर. मग पेन्सिल कानामागे खोवली, खोलीच्या मधोमध गेले आणि जोरात टाळी वाजवली.

टाळीमागोमाग एक बारीक, पत्र्यासारखा झणकारा भिंतींमधून पळत गेला. सुनेला तो स्वच्छ ऐकू आला. तिने पटकन अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते ऐकण्याचा प्रयत्नही करत नव्हते. ते नातीकडे बघत होते.

नातीने मान वळवून खिडकीशेजारच्या उघड्या भिंतीकडे पाहिलं होतं.

अण्णांनी तिच्या मुठीतून हळूच खडू सोडवला आणि त्या भिंतीवर फुली मारली. "इथे कापड लागेल." पुन्हा टाळी. पोरीने या खेपेला वर, छताच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. "आणि तिथे वर. लिहून घ्या, मिस्त्री."

"हा काय पोरखेळ लावलाय," मुलगा पुटपुटला.

हे बाकी अण्णांना कळलं.

"चौतीस वर्षं सिनेमा थिएटरच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये काढली मी," ते म्हणाले. "शेजारी मशीन धडधडतंय, समोर जाड काच. हॉलमधला आवाज एक दिवसही माझ्या कानावर पडला नाही. तरी तो कमी-जास्त मीच करायचो. कसा करत असेन?"



अण्णांनी खुर्ची ओढून मधोमध ठेवली. "बस."

"अण्णा, मला कामं आहेत."

"बस म्हणतोय ना."

तो बसला, शाळेत बाई ओरडल्यावर बाकावर बसावं तसा. समोर विटांवर ठेवलेल्या दोन जुन्या स्पीकरांमधून एकट्या बासरीचं काहीतरी सुरू झालं. अण्णा मागच्या भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभे राहिले.

अर्धं मिनिट गेलं असेल-नसेल.

"मिस्त्री, डावा स्पीकर वीतभर मागे घ्या."

मुलाने गर्रकन वळून पाहिलं. "मी तेच सांगणार होतो. डाव्या बाजूचा अंगावर येत होता. तुम्हाला कसं कळलं?"

"तुझी मान उजवीकडे गेली. समोर बघ."

तो समोर बघू लागला. मिस्त्रीने डावा स्पीकर विटांसकट मागे सरकवला. बासरी चालू राहिली. सकाळपासून कानांपर्यंत चढलेले नवऱ्याचे खांदे हळूहळू खाली उतरताना सुनेला दिसले. अण्णांनी नुसती मान डोलावली, आराखड्यातलं एखादं माप जुळावं तशी.

"कामं आहेत" म्हणणाराही उठला नाही. लेकीने आईच्या दुसऱ्या खांद्यावर डोकं टेकलं.

मिस्त्री आराखडा उजेडात धरून बघत होता. जरा वेळाने तो अण्णांसमोर आला, म्हणजे ओठ दिसतील.

"ही मधली खुर्ची कोणाची?"

"जो येईल त्याची."

"आणि तुमची ही अशी पार मागे, भिंतीला चिकटून? तिथे तर सगळ्यात वाईट ऐकू येतं. कोणालाही विचारा."

"येऊ दे," अण्णा म्हणाले. "चारही पाय जमिनीला ठोकून टाका तिचे. कोणी हलवायला नको. माना तिथूनच दिसतात."