उसना नाही, स्वतःचाच आवाज

सुनेनं, शीतलनं, हे मुद्दामच केलं, यात गजराबाईंना तिळभर शंका नव्हती. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला. गळ्यातल्या नव्या यंत्राला जुन्या बोलण्याचा नमुना हवा होता, तर हिनं दवाखान्यात निवडून निवडून भांडणातलंच बोलणं दिलं! आता साधं "पाणी दे" म्हटलं, तरी शेजारीण दचकायची.

शीतलला घेऊन त्या दवाखान्यात गेल्या आणि यंत्रातून कडाडल्या, "हिनं सूड उगवलाय. माझं गोड बोलणं घाला यात."

आवाज जुळवणारी मुलगी चाचरली. "आजी, सूनबाईंनी त्यांचा अख्खा फोनच दिला होता. तुम्हाला लिहिता येत नाही, म्हणून अकरा वर्षं सुनेला बोलून पाठवलेले तुमचे सगळे निरोप त्यात होते. मायेचा सूर आम्ही दोन दिवस शोधला. एकदाच सापडला. तोही तुम्ही मध्येच वासराशी बोललात तेव्हाचा."

शीतल खाली बघत ओढणीचं टोक पिळत होती. गजराबाईंचे कान तापले. बोलावं, तर पुन्हा तोच सूर निघणार. तरी त्या बोलल्या, आणि यंत्र खेकसलं,

"शीतल, अकरा वर्षं हे ऐकून घेतलंस? अगं, तुझ्या जागी मी असते, तर सासूला मुकीच ठेवली असती!"