कॅनचा खणखणाट

हौसाक्का दूध संस्थेच्या पायरीवर उभी राहून टेम्पोची वाट बघत होती. महिन्याभरात दोनदा डेअरीने दूध आंबट म्हणून परत पाठवलं होतं. आज कॅन भरलेले परत आले, तर डेअरी या गावाचं दूध घेणंच बंद करणार होती.

ती दोन वर्षं संस्थेची संचालक होती, पण मीटिंग नेमकी धारेच्या वेळी असे. शिपाई वही घरी आणायचा आणि ती म्हशीखालून उठून सही करायची. परवा मात्र ती आणि दुसरी बाई संचालक शेवंता म्हशी नवऱ्यांच्या हवाली करून मीटिंगला गेल्या. तिथे सगळे टेम्पोवाल्याला शिव्या देत होते.

"कॅन धुऊन ओल्यावरच झाकण लावताय," हौसाक्का म्हणाली. "आमी घरात दुधाची चरवी उन्हात पालथी घालतो."

चेअरमन भूपालअण्णा हसले. "अक्का, ही संस्था हाय, चूल न्हवं."

"चुलीवरचं नासत न्हाई, अण्णा," शेवंता म्हणाली. "हितलंच नासतंय."

काल दिवसभर कॅन उन्हात पालथे होते. आज दूध त्यांतूनच गेलं होतं.

टेम्पो दिसायच्या आधी ऐकू आला. भरलेला कॅन गप्प बसतो. हे एकमेकांवर आपटून खणखणत होते. शेजारी उभ्या शेवंताने हौसाक्काचा दंड गच्च धरला.

"रिकामे," ती म्हणाली. "सगळे रिकामे, अक्का."

मागे दारात उभ्या भूपालअण्णांनी मीटिंगची वही उघडली. "पुढची मीटिंग कवा ठेवू?"

"धारा झाल्यावर," हौसाक्का म्हणाली. "परवा आमच्या मालकांना म्हशीनं लाथ घातली."