उन्हातलं इंग्रजी

मंचावर शोभनाबाईंनी आपल्या वाट्याची चिठ्ठी उघडली. ‘ॲप्रिसिटी’. असला शब्द हृषीकेश सरांच्या इंग्रजी क्लासमध्ये कधी आला नव्हता. सराफ्यात किंवा सब्जीमंडीत कुणी वापरत असेल, अशी तर शंकाही नको. खाली बारीक अक्षरांत इंग्रजीतच अर्थ छापला होता. त्यांनी एकेक शब्द जुळवत तो लावला. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब.

एवढंच? त्या मनातल्या मनात हसल्या. या उन्हावर मराठीत त्या दुपारपर्यंत बोलल्या असत्या. पण मंडळाच्या भाषणस्पर्धेचा नियम कडक होता. मिळालेल्या शब्दावर दोन मिनिटं बोलायचं, तेही फक्त इंग्रजीत.

पुढच्याच रांगेत त्यांचे यजमान, उदयसिंहराव, कानाला मफलर गुंडाळून बसले होते. मागच्या वर्षी याच मंचावर शोभनाबाईंची बोलती बंद झाली होती आणि त्या रडतच खाली उतरल्या होत्या. म्हणून आज निघताना रावांनी निकाल देऊन टाकला होता, “या वेळी अटकलीस न, तर क्लास बंद. समाजात जबरन हसाई नको आपली.”

क्लास मात्र शोभनाबाईंना सोडायचा नव्हता. साठीला आल्यावर एकटीने घराबाहेर पडून काहीतरी शिकायची त्यांना चटक लागली होती.

“स्टार्ट,” परीक्षक इरावती मॅडम म्हणाल्या. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवत, आणि आत्ता शालीतून फक्त पेनापुरता हात बाहेर काढून बसल्या होत्या.

“रिस्पेक्टेड मॅडम ॲण्ड माय डिअर फ्रेंड्स, टुडे माय वर्ड इज ॲप्रिसिटी.”

एवढं पाठ होतं. पुढचं सगळं डोक्यातून पार उडालं. जानेवारीतला तो दगडी हॉल नुसता गारठला होता. लोक हात चोळत होते. मागे कुणीतरी खोकलं. उदयसिंहरावांनी मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान शोभनाबाईंना झोंबली. भीती राहिली बाजूला, त्यांना चक्क राग आला.

“नो सिटिंग!” त्या म्हणाल्या. “एव्हरीबडी, स्टॅण्ड अप. कम विथ मी.”

आणि मंचावरून उतरून त्या थेट दाराकडे निघाल्या. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मंच सोडायचा नाही असा काही नियम नव्हता. आधी इरावती मॅडम उठल्या, मग अख्खा हॉल त्यांच्या मागे.

बाहेर पायऱ्यांवर कोवळं ऊन पडलं होतं. सगळे तिथे टेकले. शाली खांद्यांवरून उतरल्या. कुणाच्या तरी पिशवीतून तीळगुळाची गजक निघाली. “ओ भिया, थोडं खसका न, मलाबी ऊन येऊ द्या,” असा आवाजही आला. इरावती मॅडमनी मोजे काढून पाय पसरले.

शोभनाबाई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

“क्लोज युवर आइज,” त्यांनी हुकूम सोडला. “फील ऑन युवर फेस. धिस! धिस इज ॲप्रिसिटी.”

सगळ्यांनी डोळे मिटून चेहरे उन्हाकडे केले. शोभनाबाईंची जीभ आता मोकळी झाली होती.

“इन माय चाइल्डहुड, फर्स्ट ऑइल, देन सन, देन बाथ. माय मदर सेड, सिट! आय सॅट. टुडे आय ॲम सेइंग, यू सिट!”

पायऱ्यांवर हशा पिकला आणि टाळ्या थांबेनात. शोभनाबाईंना इतका आनंद झाला की दोन मिनिटं कधी संपली ते कळलंच नाही.

“टाइम ओव्हर,” इरावती मॅडम डोळे मिटूनच म्हणाल्या. “पुढच्या स्पर्धकाला इथेच बोलवा. मी काही आत येत नाही.”

उदयसिंहरावांनी मफलर काढून मांडीवर ठेवला होता. ते सरकले, शेजारी जागा केली. शोभनाबाई बसल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “काय शब्द होता ग तो? परत बोल न.”

“असा फुकटात नाही सांगणार,” शोभनाबाई म्हणाल्या. “सोमवारी क्लासला चला माझ्याबरोबर.”