काळा चौकोन

डॉक्टर मॅडमनी कागदावर घराणं मांडलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला किडनीचा कॅन्सर झाला, त्याचा चौकोन काळा. मालनबाईंच्या दिराचा काळा झाला, पुतण्याचाही झाला.

"गाठ वाढू न देणारं एक जनुक असतं. तुमच्या सासरी ते बिघडलेलंच पुढे येत असावं. तेच शोधतोय आम्ही. मावशी, तुमचे मिस्टर कशानं गेले?"

"हार्ट अटॅकनं," शेजारी बसलेली त्यांची लेक उज्ज्वलाच बोलली. "मी सहावीत होते तेव्हा."

इतकी वर्षं मालनबाईंनी हेच सांगितलं होतं. पोर उजवायची होती, आणि कॅन्सरच्या घरातली मुलगी कोण करतं? सांगता सांगता ते पोरीलाही खरं वाटत गेलं. त्यांनी वाटू दिलं.

"मग तुमच्या वडिलांकडे ते आलं नसावं," मॅडम म्हणाल्या.

उज्ज्वलानं सुटकेचा निःश्वास सोडला. "बरं झालं बाई विचारलं. हल्ली एका बाजूची कूस दुखते, तर नको नको ते मनात येत होतं."

मालनबाईंनी मॅडमच्या हातातली पेन्सिल मागून घेतली. नवऱ्याचा चौकोन त्या सावकाश काळा करत गेल्या, अगदी कोपऱ्यांपर्यंत.

चौकोनाखाली एक रेघ होती आणि रेघेच्या टोकाला उज्ज्वलाचा पांढरा गोल. मालनबाईंनी त्यावर तळहात ठेवला. मॅडमनी दोनदा कागद मागितला, तरी हात त्यांना उचलवेना.