पिवळा पटका

हेल्मेटच्या काचेवरून पाणी पळत होतं. पुढं वीरधवलची निळी गाडी, आणि तिच्या उघड्या चाकांनी उडवलेला पांढरा फवारा. त्या फवाऱ्यातूनच सूरजला रस्ता शोधायचा होता. शेवटची फेरी होती.

एका माणसापुरती गाडी. बसायचं म्हणजे जवळजवळ आडवंच व्हायचं. डोक्यावर छप्पर नाही, पुढं वायपर नाही. कडेगावजवळच्या माळावर हौशी पोरांची ही शर्यत दर पावसाळ्यात व्हायची. कुणी गॅरेजवाला, कुणी साखर कारखान्यातला फिटर. गाड्या घरी जोडलेल्या, हौस पोटातली. पण यंदा पहिल्या येणाऱ्याला चेन्नईच्या संघात जागा मिळणार होती. फक्त पहिल्याला. सूरजला झोपेतसुद्धा तीच जागा दिसायची.

पहाटे गावाकडून निघताना आप्पासो, त्याचे वडील, न विचारता पिकअपमध्ये येऊन बसले होते. डोक्याला जत्रेतला पिवळा पटका.

"तुमी कशाला आप्पा? पाऊस हाय."

"मेंढक्याला पावसाचं भ्या घालतूस व्हय? चल गुमान."

आजवर त्यांनी एकही शर्यत बघितली नव्हती. थोरला भाऊ शंभूराज लष्करात ट्रक चालवायचा. अशाच पावसात घाटातून ट्रक खाली गेला आणि पोरगा तिरंग्यात गुंडाळून दारात आला. तेव्हापासून आई, हरणाबाई, सूरजच्या गाडीकडं पाठ करूनच भाकऱ्या थापायची. आप्पा मेंढरांमागं माळ तुडवत राहायचे. बोलणंच आटलं होतं त्यांचं.

आणि आज ते आपल्या पायांनी आले होते. सूरज शर्यतीच्या गाडीत बसल्यावर त्यांनी त्याच्या कपाळाला बिरोबाचा भंडारा लावला. अंगठा कपाळावर जरा जास्तच वेळ टेकला.

"आप्पा, ह्यात दुसरी शिट न्हाई," गाडी ढकलायला आलेला आकाराम हसत म्हणाला, "न्हायतर तुमालाबी बशिवलं आसतं."

"नगं रं बाबा. ह्यात तर माझं कोकरूबी मावायचं न्हाई."

सगळे हसले. कितीतरी दिवसांनी आप्पांचा विनोद सूरजच्या कानावर पडला होता. बापाचं मन वळलं, त्याला वाटलं. आता हरायचं नाही.

शेवटच्या फेरीतलं बाभळीचं वळण जवळ आलं. ओल्यात वीरधवल तिथं दर फेरीला बिचकायचा, आतली बाजू मोकळी सोडायचा. सूरजनं सगळा डाव त्या वळणासाठी राखून ठेवला होता. त्यानं गाडी आत घातली. पुढचं चाक निळ्या गाडीच्या मागच्या चाकाला भिडत आलं.

कुंपणाशी पिवळं फडफडलं.

शर्यतीत पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका. कुणीतरी उलटलंय, मदतीला माणसं रस्त्यावर धावलीत. हळू व्हायचं, कुणाला मागं टाकायचं नाही. डोक्यानं विचार करायच्या आधीच ॲक्सिलरेटरवरचा पाय उठतो. सूरजचा उठला. तोवर वळणात शिरलेला वीरधवल निसटला.

वळण सरलं. पुढं रस्ता लख्ख मोकळा. कुणीही उलटलं नव्हतं. निळी गाडी पावसात लांब, लांब, ठिपक्यासारखी.

दुसरा नंबर.

तो हेल्मेट काढून कुंपणाकडं धावला. गर्दीच्या मधोमध आप्पा उभे होते. उघडं डोकं, पांढरे केस कपाळाला चिकटलेले, हातात सोडलेला पटका.

"आवं मामा, काय केलंसा ह्ये?" पंच सयाजीराव कपाळाला हात लावून म्हणत होते. "ही काय जत्रंतली बैलं हायत व्हय, पटका फिरवला की चेकाळायला?"

"मेंढरामागच्या माणसाला झेंडं काय ठावं!" मागून कुणीतरी खिदळलं.

आप्पांची मान खाली.

"ऱ्हाऊ द्या, सयाजीदादा," सूरज मधे शिरला. "आमच्याकडं शर्यतीला असंच करत्यात. माझ्यासाठीच फिरवला त्येनी."

"निकाल बदलायचा न्हाई गड्या."

"म्हाईत हाय."

आप्पांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग खांदे चाचपले, कोपरं, मनगटं. विहिरीतून काढलेलं कोकरू चाचपावं तसं.

"लागलं न्हाई न्हवं कुटं?"

"न्हाई."

"माझ्यामुळं गेलं व्हय रं?"

"न्हाई आप्पा. टायर घसराय लागलं हुतं. तसंबी जमलं नसतं." बापाशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

तेव्हा आप्पा रडले. शंभूराजला दारात उतरवला तेव्हासुद्धा ते रडले नव्हते. सूरजनं ओला पटका पिळला आणि आपल्या हातानं त्यांच्या डोक्याला बांधला.

गाडी पिकअपवर चढली. आप्पा पुढं बसून फोनवर आईशी बोलत होते, "व्हय, धड हाय. घिऊन येतू." सूरज गाडीवरचा नंबर परत करायला तंबूत गेला. तिथं प्रियदर्शनी भिजलेले झेंडे गुंडाळत होती. सांगलीच्या कॉलेजातली पोरगी, शर्यतीला झेंडे दाखवायची.

"वाईट वाटलं रे," ती म्हणाली. "पण वडिलांवर रागावू नकोस. फार मायेचा माणूस. सकाळी तू गाडी तपासत होतास तेव्हा इथंच बसले होते. एकेक झेंडा हातात घेऊन समजून घेतला त्यांनी. ऐन वेळी गोंधळले असतील बिचारे."

सूरजचा हात टेबलावरच राहिला. "काय विचारत हुते?"

"तेच की," ती हसली. "म्हणाले, 'बाय, पोरगं कितीबी इरंला पेटलेलं असू दे, कुठला झेंडा बघून त्येचा पाय हमखास उठतुया?'"