आत्या म्हणाली, तिखट नको

नाम ग्योंगसिक मुलीच्या हातचा पास्ता न खाताच निघून गेला.

पण हे झालंच नाही असं धरून चालू. सध्या संध्याकाळचे सव्वापाच वाजलेत, कॅनडात, कोक्विटलममधल्या त्या दुमजली घराचं पुढचं दार चार बोटं उघडं आहे आणि ग्योंगसिक पायरीवर उभा राहून हिंमत गोळा करतोय.

आत जाऊन त्याला एक घास खायचा होता आणि एक वाक्य बोलायचं होतं: "त्या दिवशीचा पास्ता चांगला झाला होता." वाक्य साधंच होतं. फक्त तीन वर्षं उशीर झाला होता.

तीन वर्षांपूर्वी बोरमने, त्याच्या एकुलत्या एक मुलीने, त्याच्यासाठी हा पास्ता केला होता. गोचुजांग म्हणजे लाल मिरचीचा घट्ट ठेचा, त्यात क्रीम आणि पोर्कचे काप. त्याने एक घास खाल्ला, काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "हे धड कोरियन नाही, धड इटालियन नाही. तुझ्यासारखंच." आपण विनोद केला असं त्याला वाटलं होतं. बोरमने बॅग भरली आणि ती टोरांटोला निघून गेली. त्याने फोन केला नाही, कारण समजावून सांगितलेला विनोद पडतो असं त्याचं ठाम मत होतं.

वर्षापूर्वी त्यानेही हे घर सोडलं. तिला न सांगता. सांगण्यासारखी वेळच आली नाही.

आतून लसणाची फोडणी दरवळली. ग्योंगसिक एक पायरी खाली उतरला.

"लसूण घातलास?" स्वयंपाकघरात त्याची थोरली बहीण बोक्सुन किंचाळली.

"लसणाशिवाय पास्ता कसा होईल, आत्या?" टोरांटोहून आलेल्या बोरमने विचारलं.

"अगं, वर्षभरानं येतोय तो. आजच्या दिवशी तिखट नको, लसूण नको म्हणून सकाळपासून घसा कोरडा केला मी. उंबऱ्यावरूनच परत जाईल!"

"फोनवर तूच सांगितलंस ना, मी गेल्यावर बाबा चोरून हाच पास्ता करून खायचे म्हणून?"

"खायचा की. आठवड्यातून दोनदा. तुझी कृती फ्रीजवर चिकटवली होती. क्रीम फाटायचं, तसंच गिळायचा. मला कळू नये म्हणून गॅरेजमध्ये बसून. माझी गाडी महिनाभर गोचुजांगचा वास मारत होती."

"मग?"

"मग काय मग! तेव्हाची गोष्ट वेगळी. आता चालत नाही त्याला."

बोरमने टेबलाकडे पाहिलं. फिक्या भाज्या, फिका मासा, नाशपती. "असल्या आजाऱ्याच्या जेवणाला येतील ते? आणि मी आणलेले पीच कुठे गेले?"

"गॅरेजमध्ये. पीच दिसला तर फाटकातूनच वळेल."

"बाबा पीचला घाबरतात?"

"आता घाबरतो."

बाहेर ग्योंगसिकने मान डोलावली. त्यालाही हे अलीकडेच कळलं होतं.

बोरमने पोर्कच्या सुटलेल्या चरबीत गोचुजांग परतलं. मग आच मंद करून क्रीम ओतलं. ते फाटलं नाही. कढईत संध्याकाळच्या आकाशाचा रंग आला.

"मीच एक फोन करायला हवा होता," ती कढईकडे बघत म्हणाली.

"त्यानं करायला हवा होता. देवानं तुम्हा दोघांत मिळून एकच तोंड दिलं असतं, तरी ते बंदच राहिलं असतं." आत्याचा आवाज खाली आला. "ऐक माझं. दुसरी कढई ठेव. पांढरा कर. क्रीम, मांस, मीठ, बस्स. त्याला आत तर येऊ दे."

बोरमने दुसरी कढई काढली. शेगडीवर ठेवलीही. बाहेर ग्योंगसिकने पुन्हा वरच्या पायरीवर पाय ठेवला.

"नाही," बोरम म्हणाली. "पांढरा पास्ता मी कुणालाही करून घालेन. बाबांना हाच द्यायचाय." आणि तिने आणखी एक चमचा गोचुजांग घातलं.

"अगं गाढवे, घाल ना कमी!" ग्योंगसिक पुटपुटला. मग त्याच्या लक्षात आलं की तीन वर्षांनी तिला उद्देशून बोललेला हा त्याचा पहिला शब्द. तोही तिला ऐकू गेला नव्हता.

शेजारचा कुत्रा, जो पोस्टमनलाही चाटायचा, पायरीकडे बघून जिवाच्या आकांताने भुंकू लागला.

"आला वाटतं," आत्या म्हणाली. हात पुसून तिने दार सताड उघडलं आणि वाट देण्यासाठी बाजूला सरली.

बोरमने वाफाळती बशी टेबलाच्या मधोमध ठेवली. "बाबा," ती म्हणाली, "क्रीम फाटलं नाही आज. बघा."

आत्याने सुस्कारा सोडला, काटा उचलला आणि पास्त्यात सरळ उभा रोवला. मग दोघी गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकल्या. एकदा. मग पुन्हा एकदा. जिवंत माणसासमोर एकदाच वाकतात, आणि त्याच्या ताटात काटा असा उभा रोवत नाहीत. बशीपलीकडे, काळ्या चौकटीतल्या फोटोत, ग्योंगसिक कधी नव्हे तो हसत होता.

उघड्या दारातून मिरचीची वाफ बाहेर आली आणि पायरीवरचा ग्योंगसिक फाटकापर्यंत ढकलला गेला. तिथून त्याने तोंडीच अर्ज केला: प्रति, मा. संबंधित अधिकारी. मिरची व लसूण असलेल्या घरात मृतांना प्रवेश नाही, या नियमातून अर्जदारास एक घास व एक वाक्य एवढ्या मुदतीची सूट देण्यात यावी, ही नम्र विनंती.